ब्लूज गिटार, अगदी शून्यापासून: सोप्यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या घराच्या सोप्यावर रविवारी सकाळी चार-पाच जण गिटार घेऊन बसतात. मी काही गुरू नव्हे. चतुर्थीला आरत्यांना पेटी धरणारा माणूस. चाळिशी उलटल्यावर हौसेने गिटार घेतली आणि ब्लूजपाशी जो थांबलो तो पुढे गेलोच नाही. नवीन येणारा प्रत्येक जण फिरून फिरून तेच प्रश्न विचारतो, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. हवा तो प्रश्न आधी वाचा, पण बारा बारचा प्रश्न कुणी गाळू नये.

ब्लूज म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय लोकांचं गाणं. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने गेली, पण कापसाच्या शेतातली राबणूक, सावकाराचं देणं आणि रोजचा अपमान गेला नाही. शेतात एकमेकांना घातलेल्या हाका, रेल्वेमार्ग टाकताना म्हटलेली कामाची गाणी, चर्चमधली भक्तिगीतं हे सगळं मिसळून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा प्रकार रूपाला आला. डब्ल्यू. सी. हँडी नावाचा एक बँडमास्तर १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला होता. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. हँडीने पुढे आत्मचरित्रात ते लिहून ठेवलं. १९२० मध्ये गायिका मेमी स्मिथची ध्वनिमुद्रिका धडाक्यात खपली, तेव्हा कंपन्यांना कळलं की या गाण्याला गिऱ्हाईक आहे. १९४३ मध्ये गायक आणि गिटारवादक मडी वॉटर्स मिसिसिपी सोडून शिकागोला गेला. तिथल्या गजबजलेल्या गुत्त्यांत गिटार ऐकू यावी म्हणून तिला वीज जोडली गेली. रॉक संगीताचं घराणं तिथूनच पुढे वाढलं.

ब्लूज म्हणजे रडगाणं, असं बरेच जण समजतात. त्यात रडणं आहे, पण निम्म्याहून अधिक वेळा गाणारा स्वतःच्याच फजितीवर हसत असतो.

हे आपलं संगीत नव्हे. आपण कशाला वाजवायचं?

हा प्रश्न मला गाण्याच्या बैठकीतल्या एका ज्येष्ठांनी विचारला होता, थोडा टोमणा म्हणूनच. उत्तर द्यायला मला आमच्या तालुक्याबाहेर जावं लागलं नाही. केरी गाव फोंडा तालुक्यातच आहे. सूरश्री केसरबाई केरकरांचा जन्म तिथला, १८९२ चा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तीत केसरबाईंची भैरवी आहे हे गोव्यात पुष्कळांना ठाऊक असतं. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन नावाच्या टेक्सासच्या आंधळ्या गायकाचं, १९२७ चं गिटारवादनही आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. त्यात शब्द नाहीत. तारांवरून सरकणारी पट्टी आणि तिच्या जोडीला घशातला हुंकार, एवढंच. केरीच्या बाईंच्या मींडेनंतर ते ऐका आणि मग आपलं-परकं ठरवा. त्या ज्येष्ठांनी ऐकलं. पुढच्या बैठकीत ते काही बोलले नाहीत. मी ते मान्यता म्हणून धरलं.

मला संगीतातलं काहीच येत नाही. जमेल का?

जमेल. चारपर्यंत मोजता आलं पाहिजे आणि रोज वीस मिनिटं बसता आलं पाहिजे. मोजणं लवकर जमतं, बसणं उशिरा.

वय जास्त झालं असेल तर?

आमच्यात एक जण निवृत्त झाल्यावर आले. त्यांची बोटं सावकाश चालतात. पण लय कॉलेजातल्या पोरांपेक्षा पक्की आहे, कारण घाई करायला त्यांना जायचं कुठेच नसतं.

मला पेटी किंवा तबला येतो, भजनाला बसतो. त्याचा उपयोग होईल?

खूप. पण एक अडचणही होईल, ती आधी सांगतो.

पेटीवाल्यांनी असं समजावं: साध्या ब्लूजला तीनच कॉर्ड (एकदम वाजवायचे सूर) लागतात. एक सा वर उभा, एक म वर, एक प वर. ए या पट्टीत, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी सहा, सा म्हणजे ए, म म्हणजे डी आणि प म्हणजे ई. सगळा संसार एवढाच. अडचण अशी की डीचा कॉर्ड आला की पेटीवाल्याच्या कानाला वाटतं, सा सरकला. सा सरकत नाही. खालची जमीन तेवढी बदलते, घर तेच राहतं. तंबोऱ्याच्या अखंड सा वर वाढलेल्या कानाला हे पचायला दोन-तीन आठवडे लागतात. मला दोन महिने लागले.

तबलजींना मात्र आयतंच घबाड आहे. बारा बारचं एक आवर्तन असतं, पहिल्या बारवर सम असते, आणि शेवटच्या बारमध्ये मुखडा पकडून समेवर यायचं असतं. हे त्यांना सांगावंच लागत नाही.

कुठली गिटार घ्यावी?

स्टीलच्या तारांची अकूस्टिक. नायलॉन तारांची गिटार बोटांना मऊ लागते, पण तिची मान रुंद असते आणि तार ओढून सूर चढवणं तिच्यावर जवळपास जमत नाही. ब्लूजमध्ये ते तर पदोपदी लागतं. इलेक्ट्रिक घेतलीत तर बोटांना सगळ्यांत सोपी, पण अँप्लिफायरचा खर्च वेगळा आणि शेजाऱ्यांची समजूत वेगळी काढावी लागते.

गोव्यात घराघरांत जुनी गिटार असते, मामाची नाहीतर शेजारच्या अंकलची. ती मिळाली तर नवीन घेण्याआधी दोन गोष्टी पाहा. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, डोक्याकडून मोजायच्या) सर्वांत जाड तार आणि फ्रेट यांच्यात तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर बोटं रक्तबंबाळ होतील. ती कारागिराकडून कमी करून घ्या. दुसरं, तार मोकळी वाजवा आणि मग बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवा. तोच सूर वरच्या सप्तकात आला पाहिजे. थोडा जरी बेसूर आला तर त्या गिटारवर कितीही सराव केलात तरी कान बिघडेल.

माझी पहिली गिटार मी दिसायला सुंदर म्हणून घेतली. काळी कुळकुळीत, चकचकीत. दुकानदार म्हणाला, नवीन गिटारच्या तारा अशाच उंच असतात, वाजवून वाजवून खाली बसतात. बसत नाहीत. उंचच राहतात. सहा महिने मी स्वतःच्या बोटांना दोष देत होतो.

तारा एक्स्ट्रा लाइट मागा. त्यात सर्वांत बारीक तार ०.०१० इंचाची असते.

गिटार सुरात कशी लावायची?

जाड तारेपासून बारीकीकडे: ई, ए, डी, जी, बी, ई. मोजणी मात्र उलटी: सर्वांत बारीक तार पहिली, सर्वांत जाड सहावी. फोनवर ट्यूनरची फुकट अ‍ॅप मिळतात, नाहीतर गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर घ्या. पावसाच्या आवाजात फोन गोंधळतो, चिमटा गोंधळत नाही, कारण तो लाकडाचा कंप मोजतो. तार नेहमी खालून वर चढवत सुरात आणा. वर गेली असेल तर आधी उतरवा आणि पुन्हा चढवा, म्हणजे खुंटीतली ढिलाई निघून जाते. दर बैठकीआधी लावा. बेसूर गिटारवर केलेला सराव मोजू नका.

बोटं फार दुखतात. किती दिवस?

दोन ते तीन आठवडे. मग टोकांना घट्टे पडतात. डाव्या हाताची नखं पूर्ण काढा. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर नव्हे, तिच्या अगदी मागे टेकवा. तिथे निम्म्या जोरात सूर स्वच्छ येतो. नवशिक्यांची बहुतेक दुखणी ही गरजेपेक्षा जास्त दाबल्याची असतात. आंघोळ करून किंवा भांडी घासून लगेच बसू नका, कातडी मऊ पडलेली असते.

बारा बार म्हणजे काय?

गोव्यात हा प्रश्न विचारला की आधी सगळे हसतात. आमच्या रस्त्यावरच मोजले तर बारा भरतील, असं कुणीतरी म्हणतंच. तर ते बार नव्हेत. बार म्हणजे चार मात्रांचा एक खण. असे बारा खण मिळून एक आवर्तन, म्हणजे ४८ मात्रा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ६० मात्रांवर ठेवला तर एक फेरा ४८ सेकंदांत होतो.

चार-चार खणांच्या तीन ओळी करा:

ए, ए, ए, ए
डी, डी, ए, ए
ई, डी, ए, ई

पहिल्या ओळीत घरात बसायचं. दुसरीत शेजारी जाऊन परत यायचं. तिसरीत दूर प वर जायचं, म वरून उतरत घरी यायचं आणि शेवटच्या खणात पुन्हा प वर पाऊल टाकून उभं राहायचं. तो शेवटचा ई कानाला इतका अर्धवट वाटतो की पुढचा ए वाजवल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजीत त्याला टर्नअराउंड म्हणतात. आपल्याकडे तिहाईने जे होतं तेच काम.

माझं एक ठाम मत आहे, आणि त्यावरून सोप्यावर भांडणंही झाली आहेत: हा फेरा न मोजता अंगात भिनेपर्यंत दुसरं काहीही शिकू नये. ना सोलो (एकट्याने घ्यायच्या ताना), ना स्केल (ठरावीक स्वरांचा संच), ना व्हिडिओत बघितलेली ती झकास तान. भिनला की नाही याची परीक्षा सोपी आहे. वाजवता वाजवता कुणीतरी विचारावं, चहात साखर किती? तुम्ही उत्तर द्यावं आणि तरी नवव्या बारला ई वर जावं. पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. दोन जण यामुळे यायचे थांबले. पण ज्याला खूप ताना येतात आणि पाचव्या बारला डी आला हे कळत नाही, त्याच्याबरोबर कुणी वाजवायला बसत नाही.

कधी कधी दुसऱ्याच बारला डी येतो आणि तिसऱ्याला परत ए. त्याला क्विक चेंज म्हणतात. ऐकताना गोंधळलात तर आधी हे तपासा.

ती डुलत डुलत चालणारी लय कशी काढायची?

तिला शफल म्हणतात, आणि मला विचाराल तर ब्लूजचा जीव तिच्यातच आहे. प्रत्येक मात्रेचे तीन सारखे भाग करायचे. पहिला वाजवायचा, मधला गिळायचा, तिसरा वाजवायचा. हे आकड्यांनी समजत नाही, म्हणून मी गावाचं नाव वापरतो: डिचोली. डि-चो-ली, डि-चो-ली, डि-चो-ली, डि-चो-ली, झाला एक बार. आता डि आणि ली वर तार छेडा, चो तोंडातल्या तोंडात म्हणा. दादऱ्याचा झोका ज्याच्या अंगात आहे त्याला पाच मिनिटांत येतं.

डाव्या हाताचं काम एवढंच. ए साठी: पाचवी तार मोकळी, चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला पहिलं बोट (गिटारवर पहिलं म्हणजे तर्जनी, अंगठा मोजत नाहीत), आणि याच दोन तारा छेडायच्या. पहिल्या मात्रेला तसंच. दुसऱ्या मात्रेला पहिलं बोट न उचलता तिसरं बोट चौथ्या फ्रेटवर टाकायचं. तिसऱ्या मात्रेला उचलायचं, चौथीला पुन्हा टाकायचं. झालं. डी साठी हीच आकृती एक तार खाली, बारीक तारांकडे: चौथी मोकळी, तिसरीवर बोटं. ई साठी एक तार वर: सहावी मोकळी, पाचवीवर बोटं. तीन कॉर्ड, दोन बोटं, आकृती एकच. म्हणूनच मी नवशिक्याला ए पट्टीत बसवतो. ई पट्टी घेतली की बी लागतो, आणि बी वर मोकळ्या तारेची ही सोय नाही.

सगळे फटके खालीच मारा. उजव्या हाताचा तळवा पुलाजवळ (तारा पुढच्या फळीला जिथे अडकवतात ती पट्टी) तारांवर हलकेच टेकवला की आवाज दबका, ठसठशीत येतो. जिमी रीडची ध्वनिमुद्रणं ऐका. या एका चालीवर त्याने सगळी कारकीर्द उभी केली, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही.

पूर्ण कॉर्ड कधी शिकायचे?

शफल बसल्यावर, आणि साधे मेजर नव्हेत तर सेव्हन्थ. सा-ग-प वर कोमल नि घातला की सेव्हन्थ होतो. ती कोमल नि म्हणजे कैरीला लावलेलं तिखटमीठ. ई सेव्हनला दोनच बोटं लागतात: पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट, तिसऱ्या तारेवर पहिला. ए सेव्हनलाही दोनच: चौथ्या आणि दुसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट, सहावी तार न छेडता. डी सेव्हनला तीन: तिसऱ्या आणि पहिल्या तारेवर दुसरा फ्रेट, दुसऱ्या तारेवर पहिला. तो ज्याच्यापुढे सगळे हात टेकतात, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा एफचा बॅरे, तो इथे लागतच नाही. ब्लूजची शिफारस करायला हे एकच कारण मला पुरे आहे.

सोलो वाजवायला कुठलं स्केल लागतं?

मायनर पेंटॅटोनिक. नावाला घाबरू नका. सा ग म प नि, ग आणि नि कोमल. आपला धानी राग ज्याने ऐकलाय त्याला हे स्वर पाठ आहेत. ए पट्टीत ते ए, सी, डी, ई, जी.

पाचव्या फ्रेटवर पहिलं बोट ठेवा. सहाव्या तारेवर पाच आणि आठ. पाचव्या, चौथ्या, तिसऱ्या तारेवर पाच आणि सात. दुसऱ्या, पहिल्या तारेवर पुन्हा पाच आणि आठ. हा चौकोन. यात म आणि प च्या मधला तीव्र म घातला की ब्लूज स्केल तयार: पाचव्या तारेचा सहावा फ्रेट, तिसऱ्या तारेचा आठवा. पण तीव्र मध्यमावर मुक्काम करू नका. तो ओलांडून जायचा स्वर आहे, उंबऱ्यावर कुणी बसत नाही.

शास्त्रीय गाणं ऐकणाऱ्याला इथे एक धक्का बसतो. खाली ए सेव्हन कॉर्ड चालू असतो, त्यात शुद्ध गंधार आहे; वर तुम्ही कोमल गंधार वाजवता. दोन्ही गंधार एकमेकांच्या अंगावर! आमच्या पेटीवाल्या कानाला ही उघड चूक वाटते. ती चूक नव्हे, तोच मसाला आहे. खरं तर ब्लूज गाणारा गळा दोन्ही गंधार सोडून मधलीच एक श्रुती धरतो. गिटारवर ती हवी तर तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर बोट ठेवून तार किंचित, अगदी नखभर ओढा. पेटीवर हा स्वर नाही. पेटी सोडून मी गिटारकडे का वळलो, याचं उत्तर या नखभर अंतरात आहे.

तार ओढली की बेसूर होते. काय चुकतं?

कुठे पोहोचायचं ते ठरवलेलं नसतं. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला म आहे. आधी नवव्या फ्रेटवर प वाजवून ऐका, गुणगुणा. आता सातव्यावर येऊन तिसऱ्या बोटाने तार ओढा, मागे पहिलं आणि दुसरं बोटही त्याच तारेवर आधाराला ठेवा, आणि गुणगुणलेल्या प ला भिडा. जोर बोटाचा नव्हे, मनगटाचा. दाराची कडी फिरवतो तसा. मींड कानाने काढतात, हे सतारियांना सांगायला नको, गिटारवाल्यांना सांगावं लागतं.

गायचं मराठीत की इंग्रजीत?

इंग्रजीत गाताना आमच्यातले निम्मे जण अमेरिकन उच्चाराची नक्कल करतात आणि मग लाजून हळू गातात. मराठीत गा, कोकणीत गा. साचा सोपा आहे: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसरी उत्तर देणारी. प्रत्येक ओळीला चार बार. त्यातल्या साधारण दोन बारांत ओळ संपते आणि उरलेल्या दोनांत गिटार जबाब देते. बी. बी. किंग सहसा गाता गाता वाजवतच नसे. गाऊन थांबायचा, मग गिटार बोलायची. नवशिक्याला यासारखी सोय नाही.

पावसाळ्यात धक्क्यावर अडकून आम्ही जुळवलेलं एक:

रायबंदरच्या धक्क्यावर फेरी काही येईना,
अगो, रायबंदरच्या धक्क्यावर फेरी काही येईना,
पलीकडे चोडणला दिवा लागला, मला कोणी नेईना.

काव्य म्हणून फार नाही, पण बारा बारांत चपखल बसतं. तुमची पट्टी काळी एक असेल तर चौथ्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि ए चीच बोटं ठेवा.

नोटेशन वाचता यायला हवं का?

साध्या ब्लूजसाठी नको. मिसिसिपीच्या डेल्टा भागातल्या जुन्या वादकांपैकी बहुतेकांनी कागद पाहिलाच नव्हता, कानाने उचललं. टॅब वाचता आली की पुरे: सहा रेघा म्हणजे सहा तारा, आकडा म्हणजे फ्रेट, सर्वांत खालची रेघ म्हणजे सर्वांत जाड तार. शून्य म्हणजे मोकळी तार.

हे सांगताना गोव्यात थोडं अवघडल्यासारखं होतं, कारण इथे वाचता येण्याला मोठा मान आहे, आणि तो योग्यच. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) आणि व्हायोलिन शिकवत. त्या वाचनाच्या बळावर गोवेकर वादक मुंबईच्या डान्स बँडांत आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालांचे गुरू होते. तेव्हा वाचायला शिकलात तर वाया जाणार नाही. फक्त वाचता येत नाही म्हणून थांबू नका.

शिक्षक हवा का?

सुरुवातीचे चार-सहा तास कुणीतरी समोर बसलेलं हवं. मनगट वाकडं पडतंय, अंगठा मानेवरून डोकावतोय, हे व्हिडिओ सांगत नाही. पणजीला कांपालच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, आणि सासष्टी, बार्देशात तर वाड्यावाड्यावर शिकवणारे भेटतात. त्यांना आधीच सांगा की परीक्षा द्यायची नाही, बारा बार वाजवायचे आहेत. बरेच जण हसून तयार होतात. एका वर्गात मला पहिले तीन महिने फक्त वाढदिवसाचं गाणं आणि ख्रिसमसची दोन गाणी शिकवली. त्यांची चूक नव्हती, मी काही बोललोच नव्हतो.

पावसाळ्यात गिटारचं काय करायचं?

हा खास आपला प्रश्न. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्याकडे ती ८५ च्या वर सहज जाते. लाकूड पाणी पितं, पुढची फळी फुगते, पूल वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. जूनमध्ये सोपी वाटणारी गिटार ऑगस्टमध्ये वैऱ्यासारखी वागू लागली तर तुमचा हात बिघडलेला नसतो.

भिंतीला, विशेषतः पावसाकडच्या मातीच्या भिंतीला टांगू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या मधूनमधून बदला. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्याने पुसा. खारी हवा आणि घाम मिळून तारा दोन महिन्यांत काळ्या पडतात. आणि मे महिन्यात बंद गाडीत गिटार ठेवू नका, उन्हाने डिंक सुटतो. मी एकदा कपाटावर ठेवून गणपतीला मुंबईला गेलो होतो. आल्यावर केस उघडली तर पाठीवर हिरवी साय आली होती, आणि घरातला फणसाचा पाट बरा असं वाटावं इतका पूल वाकला होता.

चौकात मध्यरात्री सैतान गिटार शिकवतो म्हणतात, ते काय?

रॉबर्ट जॉन्सनची गोष्ट. १९३६ आणि १९३७ मध्ये त्याने २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी तो गेला. आधी त्याला धड वाजवता येत नसे, मध्ये काही काळ दिसेनासा झाला आणि परतला तो थक्क करणारा हात घेऊन. मग लोक म्हणू लागले, चौकात सैतानाला आत्मा विकला. त्या काळात तो आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे शिकत होता. आपल्याकडे देवचार (गावाचा राखणदार) आहेच, तेव्हा गोष्ट ओळखीची वाटते. पण त्याच्यापुढे रोट (जाड भाकरी), सोरो (दारू) आणि विडी ठेवून बारा बार येत नाहीत, हे आमच्यातल्या दोघांनी करून पाहिलंय.

किती दिवसांत वाजवता येईल?

रोज वीस मिनिटं धरली तर सावकाश लयीत शफलचा फेरा महिन्या-दीड महिन्यात. कॉर्ड बदलताना न अडखळणं तीन महिन्यांत. दोन-तीन छोट्या जागांचा सोलो सहा महिन्यांत. रविवारी सलग तीन तास बसून आठवडाभर हात न लावणाऱ्यांचा हिशोब मी करत नाही.

दुसऱ्यांबरोबर कधी वाजवावं, आणि मध्येच चुकलो तर?

फेरा बसला की लगेच. एकाने शफल धरावा, दुसऱ्याने तोंडाने काहीही गावं. तिसरा असेल तर घुमट (मडक्याच्या तोंडाला कातडं लावलेलं आपलं तालवाद्य) द्या. आमच्याकडे आरतीचं घुमट आहे, बकऱ्याच्या कातड्याचं. घोरपडीचं कायद्याने चालत नाही, आणि नकोच. गिटारच्या दबक्या शफलखाली घुमटाचा तो ओला, पोटातून आलेला ठोका असा काही बसतो की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही सगळेच थांबलो, आणि फेरा तुटला.

चुकाल. कॉर्ड चुकला तर हात थांबवू नका. तारा डाव्या हाताने झाकून नुसता डिचोली-डिचोली ठेका चालू ठेवा. कुठल्या बारला आहोत ते कळेनासं झालं तर दुसऱ्याच्या डाव्या हाताकडे बघा. तेही जमलं नाही तर गप्प राहून शेवटच्या ई ची वाट बघा; तो ऐकू येतोच. त्यानंतरच्या पहिल्या मात्रेला ए वर या.